एक छोटासा 'किंवा'

मालेगावात माझे संगणक दुरुस्तीचे छोटेसे दुकान आहे. दुकानाच्या मागे यंत्रमागांचे कारखाने आहेत. दिवसभर त्यांचा खटखटाट चालू असतो. आमच्या मोहल्ल्यात या आवाजाने कोणाची झोप मोडत नाही. उलट माग थांबले, की माणसे जागी होतात आणि विचारतात, "काय झाले?"

गिऱ्हाईक दुकानात आले, की पहिले वाक्य ठरलेले असते. "भाई, हार्ड डिस्क गेली," किंवा "भाई, मदरबोर्ड जळाला." मी विचारतो, "पडद्यावर काय लिहून आले होते?" उत्तर मिळते, "काहीतरी एरर आली होती." मग मी म्हणतो, "ते 'काहीतरी' म्हणजे नेमके काय? आठवून एकेक शब्द सांगा." काही जण वैतागतात. त्यांना वाटते, हा माणूस उगाच वेळ घालवतो आहे. पण या प्रश्नाची किंमत मला शाळेत असतानाच कळली होती. तीच गोष्ट आज तुम्हांला सांगतो.

१९९९ साली मी नववीत होतो. त्या वर्षी आमच्या शाळेत चार संगणक आले. ते जुने होते, पण आम्हांला मात्र नवलाईचे. संगणकांच्या खोलीत चपला बाहेर काढून जावे लागे. पडद्यांवर आणि कीबोर्डांवर कापडी आच्छादने असत, कारण आमच्या गावच्या हवेत कापसाचे बारीक तंतू नेहमी उडत असतात. प्रत्येकाला आठवड्यातून वीस मिनिटे मिळत. त्या वीस मिनिटांची आम्ही सहा दिवस वाट पाहत असू.

संगणक चालू केला, की तो लगेच कामाला लागत नाही. आधी तो स्वतःची तपासणी करतो. हे काम आत बसवलेल्या एका चिपमधला छोटा प्रोग्राम करतो. त्याला 'बायोस' म्हणतात. स्मृती किती आहे, कीबोर्ड जोडलेला आहे का, डिस्क कोठे आहे, हे तो पाहतो आणि जे आढळले ते पडद्यावर लिहितो. मग तो डिस्कवरची मुख्य प्रणाली शोधतो आणि तिच्या हाती कारभार सोपवतो. तेव्हाच्या संगणकांवर ही पांढरी अक्षरे काळ्या पडद्यावर भराभर सरकत जात. आम्हां मुलांना ती कोणा जाणत्या माणसाचा हुकूम वाटत.

एकदा गंमत झाली. सकाळी एका संगणकावर शब्द आले, "कीबोर्ड एरर ऑर नो कीबोर्ड प्रेझेंट." म्हणजे, 'कीबोर्डमध्ये दोष आहे, किंवा कीबोर्ड जोडलेलाच नाही.' त्याखाली लिहिले होते, "प्रेस एफ-वन टू कंटिन्यू." पुढे जाण्यासाठी कीबोर्डवरची एफ-वन ही कळ दाबा! कीबोर्ड नाही म्हणायचे आणि त्याच कीबोर्डवरची कळ दाबायला सांगायची! सगळा वर्ग हसला. सरही हसले. मग त्यांनी आच्छादन उचलले. कीबोर्डवर हजेरीपट पडला होता आणि त्याच्या वजनाने दोन-तीन कळा दाबल्या गेल्या होत्या. तपासणीच्या वेळी कळ दाबलेली असली, की बायोसला वाटते, कीबोर्ड बिघडला. सरांनी हजेरीपट उचलला, संगणक पुन्हा चालू केला आणि तो निमूटपणे सुरू झाला.

त्या दिवशी आम्ही हसलो आणि विसरून गेलो. त्या वाक्यात 'ऑर' हा एक शब्द होता, तो कोणाच्याच लक्षात राहिला नाही.

पुढे दोन महिन्यांनी माझ्यावर रडायची पाळी आली.

माझ्याकडे एक फ्लॉपी होती. तुमच्यापैकी अनेकांनी फ्लॉपी पाहिली नसेल. ती साडेतीन इंचांची, चपटी, प्लॅस्टिकची चौकोनी चकती असे. तिच्यात १.४४ मेगाबाइट एवढीच माहिती मावे. आज मोबाइलवर काढलेले एक छायाचित्रही बहुधा तिच्यात मावणार नाही. मी तिच्यात संगणकावर काढलेली चित्रे साठवत असे. त्या दिवशी माझी पाळी शेवटची होती. शाळा सुटल्याची घंटा झाली. शिपाईचाचा दारात किल्ल्या वाजवत उभे होते. संगणक बंद करण्याची एक रीत असते. आधी पडद्यावरून 'बंद कर' अशी सूचना द्यायची, थोडे थांबायचे आणि मग बटण दाबायचे. सरांनी हे आम्हांला दहा वेळा सांगितले होते. मी घाईत सरळ बटण दाबले आणि बाहेर पळालो.

दुसऱ्या दिवशी मला वर्गातून बोलावणे आले. संगणकाच्या खोलीत सर, मुख्याध्यापक आणि कार्यालयातले कारकून उभे होते. माझ्या संगणकाच्या काळ्या पडद्यावर दोनच ओळी होत्या, "नॉन-सिस्टिम डिस्क ऑर डिस्क एरर. रिप्लेस अँड प्रेस एनी की व्हेन रेडी."

कारकुनांचा चेहरा उतरला होता. दहावीच्या सराव परीक्षेचे गुण त्यांनी त्याच संगणकात भरले होते. शनिवारी पालकांची सभा होती. सरांनी ज्या दुकानातून संगणक घेतले होते, तेथे फोन केला होता. फोनवर ते म्हणाले होते, "डिस्क एरर दाखवतो आहे." पलीकडून उत्तर आले होते, "मग हार्ड डिस्क गेली असेल. नवी घालावी लागेल. साडेचार हजार रुपये होतील."

सरांनी मला विचारले, "काल तू शेवटी होतास. बंद कसा केलास? सरळ बटण तर दाबले नाहीस?"

माझे पाय थरथरू लागले. साडेचार हजार रुपये! माझ्या अब्बांना एवढे पैसे मिळवायला किती आठवडे माग चालवावा लागला असता! माझ्या तोंडून शब्द निघून गेला, "नाही सर."

"मग यंत्र खोटे बोलते का?" मुख्याध्यापकांनी विचारले. मी मान खाली घातली. त्यांनी सांगितले, की उद्या वडिलांना घेऊन ये, आणि निकाल लागेपर्यंत नववीच्या मुलांना संगणकाची खोली बंद. ही बातमी वर्गात पोहोचली, तेव्हा माझ्या बाकावरचा मित्रसुद्धा माझ्याशी बोलला नाही.

रात्री मी अब्बांना सारे सांगितले. सारे म्हणजे, एक गोष्ट सोडून सारे. ते काही बोलले नाहीत. सकाळी रात्रपाळी संपवून ते थेट शाळेत आले. त्यांच्या खांद्यावर आणि केसांत कापसाचे तंतू तसेच होते. त्यांनी दाराशी चपला काढल्या, सलाम केला आणि सरांना म्हणाले, "सर, मुलाची चूक असेल, तर मी पैसे भरीन. थोडे थोडे करून भरीन. पण यंत्राने नेमके काय म्हटले आहे, ते मला ऐकायचे आहे."

सर म्हणाले, "डिस्क खराब झाली, असे म्हटले आहे."

अब्बा माझ्याकडे वळले. "बेटा, तू वाच. एकेक शब्द वाच आणि अर्थ सांग."

मी वाचू लागलो. "नॉन-सिस्टिम डिस्क. म्हणजे, जिच्यावर संगणक सुरू करणारी प्रणाली नाही, अशी डिस्क. ऑर..."

"ऑर म्हणजे?"

"'या', अब्बा. मराठीत 'किंवा'."

"पुढे?"

"डिस्क एरर. डिस्कमध्ये दोष."

अब्बा थोडा वेळ पडद्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "सर, ही तर दोन कारणे झाली. हे यंत्र म्हणते, हे असेल किंवा ते असेल. आपण दुसरे तेवढे उचलले. पहिले कोणी पाहिले का?"

कोणी उत्तर दिले नाही. अब्बा पुढे बोलू लागले. मी त्यांना इतके बोलताना क्वचितच पाहिले होते. "माझा माग दिवसातून पुष्कळ वेळा थांबतो. आडवा धागा आहे की नाही, हे पाहायला त्याला एक काटा असतो. काट्याला धागा लागला नाही, की माग थांबतो. तेवढेच त्याला कळते. धागा तुटला, की कांडी संपली, हे त्याला सांगता येत नाही. कधी धागा शाबूत असतो आणि काटाच वाकलेला असतो. माग थांबला म्हणजे धागा तुटला, असे म्हणून मी गाठ मारत बसलो, तर माझा दिवस वाया जाईल. थांबवणे मागाचे काम. का थांबला, ते पाहणे माझे काम." मग ते मला म्हणाले, "दुसरी ओळ वाच."

"बदला, आणि तयार झालात की कोणतीही कळ दाबा."

"काय बदला?" अब्बा म्हणाले. "साडेचार हजारांची वस्तू पेटी उघडून बदलायची आणि लगेच कळ दाबायची, असे कोणी म्हणेल का? हात घालून चटकन काढता येईल, अशी काही वस्तू या यंत्रात आहे का?"

माझी नजर पेटीच्या दर्शनी बाजूकडे गेली. फ्लॉपीच्या फटीजवळचे छोटे बटण बाहेर आलेले होते. आत फ्लॉपी असली, की ते बटण बाहेर येते. मी ते दाबले. खट् आवाज झाला आणि माझीच फ्लॉपी बाहेर आली. तिच्यावर निळ्या शाईने माझे नाव लिहिले होते.

सरांनी कीबोर्डवरची एक कळ दाबली. हार्ड डिस्कची घरघर सुरू झाली.

झाले होते ते असे. त्या काळचे संगणक सुरू होताना बहुधा आधी फ्लॉपी पाहत आणि मग हार्ड डिस्क. प्रत्येक फ्लॉपीच्या सुरुवातीला ५१२ बाइटची एक लहान जागा असे. तिच्यात एक चिमुकला प्रोग्राम असे. फ्लॉपीवर मुख्य प्रणाली सापडली नाही किंवा ती वाचता आली नाही, तर तो एक वाक्य पडद्यावर लिहून थांबे. इतक्या कमी जागेत प्रोग्रामही बसवायचा आणि वाक्यही. म्हणून दोन कारणांसाठी एकच वाक्य. म्हणजे ते दोन दिवस आमच्याशी हार्ड डिस्क बोलतच नव्हती. बोलत होती माझी फ्लॉपी, आणि तीही फक्त स्वतःबद्दल. हार्ड डिस्क कशी आहे, याची त्या बिचारीला खबरच नव्हती.

खोलीतल्या सर्वांनी सुटकेचा श्वास सोडला. पण गोष्ट तेथे संपली नाही. पडद्यावर आता निळा रंग आला आणि त्यावर नवे वाक्य उमटले. सरांनी ते या वेळी सावकाश, पूर्ण वाचले. त्याचा अर्थ असा होता, 'विंडोज योग्य रीतीने बंद केली गेली नव्हती, त्यामुळे तुमच्या एखाद्या डिस्कमध्ये दोष असू शकतात.'

"असू शकतात," सर स्वतःशीच म्हणाले. "आहेत, असे म्हटलेले नाही." मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. वाक्याचा पहिला भाग मात्र स्पष्ट होता. तेथे 'किंवा' नव्हता आणि 'असू शकते'ही नव्हते.

त्या दिवशी त्या खोलीत खोटे बोलणारा एकच होता, आणि तो संगणक नव्हता.

मी रडत रडत सगळे कबूल केले. संगणकाने आपली डिस्क तपासली. काही दोष निघाला नाही. दहावीचे गुण जसेच्या तसे होते. मुख्याध्यापक म्हणाले, "जाऊ द्या, नुकसान तर झाले नाही." पण अब्बा म्हणाले, "नाही साहेब. फ्लॉपी विसरला, घाईत यंत्र बंद केले आणि खोटे बोलला. त्याची शिक्षा त्याला द्या. डिस्क मोडली नव्हती, त्याची मात्र देऊ नका."

मला शिक्षा मिळाली. पंधरा दिवस रोज सकाळी लवकर येऊन चारही संगणकांवरचे तंतू पुसायचे. सरांनी वर्गासमोर सांगितले, की डिस्क मोडल्याचा आरोप चुकीचा होता आणि त्यात त्यांचीही चूक होती, कारण त्यांनी अर्धेच वाक्य वाचले होते. ते पंधरा दिवस मी संगणक पुसता पुसता त्यांची अक्षरे वाचत राहिलो. माझ्या आजच्या धंद्याची सुरुवात तेथेच झाली.

पण शहाणपण एकदा शिकून संपत नाही. मी मोठेपणी पुन्हा चुकलो, आणि ती चूक अधिक महाग पडली.

२०११ साली एक निवृत्त शिक्षक माझ्या दुकानात संगणक घेऊन आले. त्यांनी आयुष्यभर लिहिलेल्या गझला इनपेज या उर्दू प्रोग्राममध्ये टाइप करून ठेवल्या होत्या. ते म्हणाले, "बेटा, आतून टक्-टक् असा आवाज येतो. जरा नीट पाहा." मी संगणक चालू केला. पडद्यावर हार्ड डिस्कपुढे शब्द आले, "स्मार्ट केपेबल अँड स्टेटस ओके." म्हणजे डिस्क स्वतःची तपासणी करू शकते आणि तिची स्थिती ठीक आहे. मी हसून म्हणालो, "जनाब, काळजी करू नका. ती स्वतःच 'ओके' म्हणते आहे."

बाराव्या दिवशी ती डिस्क बंद पडली. मी खूप प्रयत्न केले, पण तिच्यातले एक अक्षरही परत मिळाले नाही. अर्ध्या गझला त्यांच्या वहीत होत्या. उरलेल्या त्यांनी सरळ संगणकावरच लिहिल्या होत्या. त्या गेल्या.

शाळेत असताना मी एवढे शिकलो होतो, की 'एरर' दिसली म्हणून घाबरू नये. 'ओके' दिसले म्हणून निश्चिंतही होऊ नये, हे मला त्या दिवशी कळले. डिस्क स्वतःच्या काही ठरावीक खुणा मोजते. त्या मर्यादेबाहेर गेल्या, तरच ती ओरडते. गूगल कंपनीच्या अभियंत्यांनी आपल्या एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास करून २००७ साली एक निबंध प्रसिद्ध केला होता. त्यात म्हटले आहे, की बंद पडलेल्या डिस्कांपैकी ५६ टक्के डिस्कांनी चार सर्वांत महत्त्वाच्या खुणांपैकी एकही आधी दाखवली नव्हती. निम्म्याहून अधिक! हा निबंध मी फार उशिरा वाचला.

त्या शिक्षकांनी मला एक शब्दही रागाने म्हटला नाही. जाताना एवढेच म्हणाले, "बेटा, तू पडदा वाचलास. मी आवाजाबद्दल सांगत होतो, ते ऐकले नाहीस."

मागाच्या आवाजात थोडा फरक पडला, तरी अब्बा मान वर करून पाहत. मी त्यांचाच मुलगा, आणि मला समोरची टक्-टक् ऐकू आली नव्हती!

तेव्हापासून दुकानात मी दोन नियम पाळतो. पडद्यावरचे वाक्य शेवटपर्यंत वाचायचे आणि माणसाचे म्हणणेही शेवटपर्यंत ऐकायचे. आणि गिऱ्हाइकाला सांगायचे, की पडदा काहीही म्हणो, महत्त्वाच्या गोष्टीची दुसरी प्रत दुसरीकडे ठेवा.

सगळेच संदेश फसवे नसतात. काही फार प्रामाणिक असतात. पूर्वी रेड हॅट लिनक्स ही प्रणाली सुरू होताना जाळ्याशी जोडणी झाली नाही, तर ती लिहीत असे, 'जोडणी आढळत नाही. केबल तपासता का?' त्या वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह असे. मला ते वाक्य फार आवडे. आपल्याला किती ठाऊक आहे आणि कोठून पुढे ठाऊक नाही, हे त्या प्रश्नचिन्हात होते. माणसेसुद्धा दुसऱ्याबद्दल बोलताना असे प्रश्नचिन्ह वापरतील, तर किती मुलांचे अश्रू वाचतील!

आता फ्लॉपी गेली. नवे संगणक सुरू होताना कंपनीचे चित्र दाखवतात आणि अक्षरे मागे लपवतात. तरीही अडचण आली, की काळ्या पडद्यावर शब्द उमटतातच. कालच एक कॉलेजचा मुलगा घाबऱ्या चेहऱ्याने लॅपटॉप घेऊन आला. "भाई, डिस्क गेली. माझा सगळा प्रकल्प त्यात आहे. पडद्यावर 'नो बूटेबल डिव्हाइस' असे येते."

अब्बा आता थकले आहेत. माग त्यांनी सोडला. दुपारी ते माझ्या दुकानात खुर्ची टाकून बसतात. मी काही बोलण्याआधी त्यांनीच त्या मुलाला जवळ बोलावले आणि विचारले, "बेटा, याचा अर्थ काय?"

मुलगा म्हणाला, "सुरू करण्याजोगे काही सापडले नाही."

"सापडले नाही," अब्बा म्हणाले. "गेले, असे म्हटले आहे का?"

मुलगा पुन्हा पडद्याकडे पाहू लागला. मी पेचकस हातात घेतला. आत डिस्कची जोडणी थोडीशी सैल झाली होती.